कोऱ्या मगावर रंग चढवण्याआधी

मगावर आणि भेटवस्तूंवर फोटो छापण्याच्या व्यवसायाविषयी नाशिक शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. शालिमारजवळच्या एका लहानशा गाळ्यात मी काही वर्षे हेच काम केले असल्यामुळे उत्तरांत माझ्या स्वतःच्या फसगतीही आल्या आहेत.

प्रश्न : मी गृहिणी आहे. घरच्या घरी फोटो मग छापून विकण्याचा विचार आहे. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी घेतलेला कॅननचा रंगीत प्रिंटर घरात आहे. त्यातच सब्लिमेशनची शाई भरली तर चालेल का? सुरुवातीला काय काय घ्यावे, आणि मुळात ही छपाई होते तरी कशी?
— एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो कळला की बाकीचे अर्धे आपोआप सुटतात. देवघरातली कापराची डबी उघडी राहिली, तर वड्या दिवसेंदिवस लहान होत जातात आणि शेवटी डबीत नुसता वास उरतो. पण त्या वड्यांचे पाणी झालेले मधल्या काळात कोणी पाहिलेले नसते. घन पदार्थाचा द्रव न होता थेट वायू होण्याच्या या क्रियेला शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणतात, आणि सब्लिमेशन म्हणजे तेच. या शाईतला रंग कापरासारखाच वागतो. चित्र आधी खास कागदावर उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे, छापले जाते. तो कागद मगाभोवती घट्ट गुंडाळून सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णता दिली की रंगाचा वायू होतो. त्याच उष्णतेने मगावरचा पॉलिएस्टर जातीचा पातळ लेप सैल झालेला असतो. वायू त्यात शिरतो आणि मग निवल्यावर आतच अडकून बसतो. म्हणूनच नीट छापलेल्या मगावरून बोट फिरवले तर चित्राची कड हाताला लागत नाही, स्टिकरची मात्र लगेच लागते.

रंग लेपात बसतो, चिनीमातीत नाही, हे एकदा ध्यानात आले की भांडी बाजारातला साधा पांढरा कप या कामाला का चालत नाही, तेही उमगते. दुकानात ‘सब्लिमेशनचा कोटेड मग’ असे स्पष्ट सांगूनच माल घ्यावा. दोन मग शेजारी ठेवले तर नवख्या डोळ्याला फरक सहसा दिसत नाही.

तुमचा कॅननचा प्रिंटर मुलासाठीच राहू द्यावा. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती इंकजेट प्रिंटरांत शाईचा थेंब बाहेर फेकण्यासाठी हेडमधला, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या भागातला, सूक्ष्म हीटर शाईला क्षणभर उकळवतो, आणि जी शाई पुढे उष्णतेवरच काम करणार आहे तिला ही आधीची उकळी मानवत नाही. एप्सनच्या हेडमध्ये पिझो स्फटिक विजेच्या झटक्याने हलतो आणि शाई ढकलतो; तेथे हीटरचा संबंध येत नाही. त्यामुळे या धंद्यातली बरीच मंडळी एप्सनचा टाकीवाला ए-४ प्रिंटर नवा घेतात आणि पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशनची शाई भरतात. असे केल्यास कंपनीच्या वॉरंटीवर विसंबू नये. साधी शाई वापरलेला जुना प्रिंटरही घेऊ नये, कारण नळ्यांत उरलेली शाई नव्या शाईत मिसळून रंग बिघडवत राहते. खास सब्लिमेशनसाठीच तयार केलेले प्रिंटर कंपनी विकते. ते महाग पडतात, पण तेथे वॉरंटीचा प्रश्न येत नाही. मगासाठी ए-४ आकार पुरतो. नेहमीच्या ११ औंसाच्या मगावर साधारण २० सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर उंच चित्र बसते, आणि अशा तीन पट्ट्या एका कागदावर मावतात.

उष्णतेसाठी फक्त मग प्रेस, म्हणजे मगाला तापत्या पट्ट्याने आवळणारे यंत्र, घ्यावा. टोपी, ताटली, टी-शर्ट, मग असे सगळे एकाच यंत्रात देणारे जोडयंत्र दुकानदार आग्रहाने दाखवतो, परंतु माझ्या मते घरातून सुरुवात करणाऱ्याने त्या मोहात पडू नये. दर वेळी भाग बदलण्यात वेळ जातो, आणि पहिल्या वर्षी तुमच्याकडे येणाऱ्या दहा ऑर्डरींपैकी आठ मगाच्याच असतील. साडेतीनशे वॉटचा मग प्रेस तासभर सलग तापला तरी अर्धा युनिटही वीज जळत नाही. कापडासाठी लागणारा सपाट हीट प्रेस मात्र दीड हजार वॉटच्या आसपासचा असतो. तो पुढे कधी घेतलाच, तर त्याला गीझरसारखा १५ अँपिअरचा स्वतंत्र प्लग द्यावा, एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये. खोलीची खिडकी उघडी हवी, कारण तापल्यावर कागदातून वाफ आणि वास येतो.

याखेरीज लागतात ते सब्लिमेशनचा कागद, उष्णता सोसणारी टेप आणि जाड हातमोजे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. कर्ज लागलेच, तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळते. मात्र पहिल्या पेटीतले बारा मग विक्रीसाठी नाहीत असे समजून बाजूला ठेवावेत. हात त्यांच्यावरच बसतो.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी मग प्रेस घेतला. अक्षरांभोवती दुहेरी सावली येते, चित्र वरच्या आणि खालच्या कडेला फिके पडते, आणि काळा रंग कधी कधी तपकिरी दिसतो. दुकानदार शाई बदला म्हणतो, शाईवाला प्रेस बदला म्हणतो. दोष नेमका कोणाचा?
— एक वाचक, नवीन सिडको

उत्तर : तुम्ही एका पत्रात तीन वेगवेगळे आजार लिहिले आहेत, आणि त्यांपैकी एकालाही निदान आज तरी शाई किंवा प्रेस बदलण्याचे औषध नको आहे.

दुहेरी सावली म्हणजे रंगाचा वायू होत असताना कागद जागचा हलला. हे बहुधा दोन वेळी घडते. एक तर कागद सैल गुंडाळलेला असतो. मगाचा कान आपल्याकडे करून कागदाचे एक टोक कानालगत टेपने चिकटवावे, मग तळहाताने कागद मगाच्या पोटावरून ओढत आणत दुसऱ्या टोकाला ताण देऊन टेप लावावी, आणि अंगठ्याचे नख वरपासून खालपर्यंत फिरवून पाहावे. कागदाखाली कोठेही पोकळ आवाज आला, तर ती टेप काढून पुन्हा लावावी. पाच पैशांच्या टेपसाठी मग वाया घालवू नये. सावलीचे दुसरे कारण प्रेस उघडल्यानंतरचे आहे. मग बाहेर आला तरी रंग काही क्षण उडतच असतो. अशा वेळी गुंडाळी अर्धवट सोडून ‘कसे उमटले आहे’ हे डोकावून पाहिले, की उचललेला कागद परत टेकतो तेथे दुसरी प्रतिमा उमटते. त्यामुळे हातमोजा घालून कागद एका दमात सोलावा, नंतरच मग पाहावा. सोललेला मग लाकडी फळीवर निवू द्यावा. लवकर निववण्यासाठी गार पाण्यात बुडवण्याचा सल्ला काही जण देतात. त्या सल्ल्याने माझे दोन मग तडकले आहेत.

कडा फिक्या पडण्याचे कारण तुमच्या प्रेसच्या पट्ट्यातच असते. तापणारा पट्टा मगापेक्षा किंचित बुटका असतो, आणि मगही काठाशी व बुडाशी जरासा वळलेला असतो, त्यामुळे तेथे ना पुरती उष्णता पोहोचते ना दाब. चित्र वरून आणि खालून पाच-सहा मिलिमीटर आत घ्यावे, एवढाच खात्रीचा उपाय आहे. ग्राहक कडेपर्यंत फोटो मागतो, तेव्हा त्याला कडा मोकळी सोडलेला एक मग हातात द्यावा. तो चांगलाच दिसतो, आणि बहुतेक जण पुढचा आग्रह सोडतात. पट्टा किती आवळावा, हाही यातलाच भाग आहे. तरफ सहज पडत असेल तर दाब कमी आहे, आणि दोन्ही हातांनी रेटावी लागत असेल तर मग फुटण्याची वेळ जवळ आली आहे.

तपकिरी काळा हा मात्र फसवा आजार आहे, कारण तो उष्णता अति झाली तरी दिसतो आणि कमी पडली तरी दिसतो. तेथे अंदाज चालत नाही, वही लागते. १८० अंश आणि १५० सेकंद येथून सुरुवात करावी, तापमान तेच ठेवून प्रत्येक मगाला १५ सेकंद वाढवत जावे, आणि मगाच्या बुडावर मार्करने आकडा लिहून ठेवावा. चार-पाच मगांत तुमच्या प्रेसचा स्वभाव कळतो. शेजाऱ्याचे आकडे उसने घेऊ नयेत, कारण पडद्यावर १८० दाखवणारे दोन प्रेस प्रत्यक्षात सारखे तापलेले असतीलच असे नाही. आकड्यापुढे सेल्सिअस आहे की फॅरनहाइट, हेही एकदा नीट पाहावे. १८० अंश सेल्सिअस म्हणजे ३५६ अंश फॅरनहाइट होतात, आणि बऱ्याच यंत्रांत हे एकक चुकून बदलले जाते. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी पहिला मग जवळजवळ नेहमी फिका निघतो, कारण मगही गार असतो आणि यंत्रही आतून पुरते तापलेले नसते. मी एक फुटक्या कानाचा मग खास त्यासाठी ठेवला होता. तो दोनदा तापवून काढला की मगच खऱ्या कामाला हात लावायचा.

तुम्ही न विचारलेला चौथा आजार येथेच सांगतो, कारण त्याने मला सर्वांत जास्त रडवले. एका लग्नाच्या परतभेटीसाठी मी चोवीस मग छापले. मग देखणे झाले, पैसे मिळाले, आणि तीन आठवड्यांनी नवऱ्या मुलाच्या आईने एक मग माझ्यासमोर ठेवला. घासणीने वधूचा अर्धा चेहरा निघून गेला होता. त्या पेटीतल्या मगांवरचा लेप मऊ होता. रंग लेपात उत्तम बसला होता, पण लेपच मगावर टिकला नाही. पुरवठादाराने हात वर केले. तेव्हापासून प्रत्येक नव्या पेटीतला एक मग मी पट्टी छापून रात्रभर पाण्यात ठेवत असे आणि सकाळी घासणीने जोर लावून घासत असे. रंग टिकला, तरच बाकीच्या पेटीला हात लावत असे.

प्रश्न : आमच्या ढोल पथकासाठी काळ्या सुती टी-शर्टवर सब्लिमेशनने बोधचिन्ह छापून मिळेल का? साठ शर्ट आहेत.
— पथकाचा एक कार्यकर्ता, पंचवटी

उत्तर : नाही. रंगाला धरून ठेवण्यासाठी पॉलिएस्टर लागते आणि सुतात ते नसते, त्यामुळे पहिल्याच धुण्यात चित्र विरून जाईल. त्यातून शाई पारदर्शक आहे आणि तिच्यात पांढरा रंग नाही; काळ्यावर ती दिसणारच नाही. साठ शर्टांसाठी स्क्रीन प्रिंटिंग करून घ्यावे, तेच स्वस्त पडेल. पुढच्या वर्षी पांढरे किंवा फिके पिवळे पॉलिएस्टर शर्ट घेणार असाल, तर सब्लिमेशनचा जरूर विचार करावा. भर मिरवणुकीत घामाने भिजले तरी त्यावरच्या चित्राचे पापुद्रे निघत नाहीत.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंड, काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर अशी चित्रे असलेले पाचशे मग आतापासून छापून ठेवावेत असे माझ्या भावाचे म्हणणे आहे. माल अंगावर पडेल अशी मला भीती वाटते. शिवाय इंटरनेटवरची देवांची चित्रे छापण्यास काही हरकत असते का? किंमत कशी ठरवावी?
— एक वाचक, रविवार कारंजा

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. सब्लिमेशनचा सगळा फायदा एक मगही तितक्याच सहजतेने छापता येतो यात आहे. एकाच चित्राचे पाचशे मग आधीच छापले तर तो फायदा आपण हाताने फेकून देतो, आणि तेवढ्या संख्येला दुसऱ्या पद्धतीने छापणारे मोठे कारखाने तुमच्यापेक्षा स्वस्त देऊ शकतात. भावाला पाचशे मग घेऊ द्यावेत, पण कोरे. कोरा मग सिंहस्थात विकला गेला नाही, तर पुढे वाढदिवसाला जातो. घाटाचे चित्र असलेला मग पर्वणी उलटल्यावर कोण घेणार? नमुन्याचे आठ-दहा मग मांडावेत आणि यात्रेकरूचे नाव, गाव आणि त्याने गोदाघाटावर काढलेला फोटो घालून अर्ध्या तासात मग द्यावा. लोक त्या नावासाठी पैसे मोजतात.

चित्रांच्या हक्काबाबत आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. देव सर्वांचा असला, तरी त्याचे चित्र ज्याने काढले त्याचा त्या चित्रावर हक्क असतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या मूळ चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला आहे. पण कोणी अलीकडे संगणकावर काढलेला धनुर्धारी राम मोबाइलवर फिरतो, म्हणून तो मोफत झाला असे होत नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पहाटे कॅमेरा घेऊन घाटावर जावे. तुमचे घर जवळच आहे, आणि त्या उजेडात वाईट फोटो काढणे अवघड आहे.

किमतीविषयी एक उदाहरण घेऊ. समजा, कोरा मग ८० रुपयांना पडला, कागद-शाई-टेप मिळून १० रुपये झाले आणि खोक्याला १५ लागले. बेरीज १०५ होते, आणि बहुतेक जण येथेच थांबून १५० रुपये भाव लावतात. त्यात बिघडलेले मग कोठे आहेत? वीसात दोन वाया जात असतील, तर विकल्या जाणाऱ्या अठरा मगांनी त्या दोघांचा खर्च उचलायचा असतो. फोटोतली पार्श्वभूमी काढणे, नाव जुळवणे आणि ग्राहकाच्या घरातल्या चौघांची संमती येईपर्यंत चार वेळा बदल करणे यात जो पाऊण तास जातो, त्याचाही भाव लावावा. मी रचनेचे पैसे वेगळे घेऊ लागलो, तेव्हा बदल चारवरून एकावर आले. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल फक्त राज्यातच विकत असाल, तर वस्तूविक्रीसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात किंवा ऑनलाइन संकेतस्थळांमार्फत विकायचे असल्यास नियम वेगळे आहेत, ते कर सल्लागाराकडून समजून घ्यावेत.

प्रश्न : १५ ऑगस्टसाठी एका शाळेने राष्ट्रध्वज छापलेल्या पन्नास लहान उशा मागितल्या आहेत. घ्यावी का ही ऑर्डर?
— एक वाचिका, देवळाली कॅम्प

उत्तर : या स्वरूपात घेऊ नये. उशा, रुमाल, नॅपकिन यांवर राष्ट्रध्वज छापणे किंवा भरतकामाने काढणे १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात आणि ध्वजसंहितेतही निषिद्ध आहे. शाळेला हे बहुधा ठाऊक नसेल, तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून सांगावे आणि सोबत दुसरा नमुना न्यावा: शाळेची इमारत, विद्यार्थ्याचे नाव, हवे तर झेंडूची किनार. साटीनची पांढरी पॉलिएस्टर खोळ यासाठी उत्तम असते. छापण्याआधी ती काही सेकंद कोरीच प्रेसखाली दाबून घ्यावी. ऑगस्टात कापडाने ओल धरलेली असते, आणि तिची वाफ झाली की रंगावर ढगासारखे डाग पडतात. कागदालाही हेच लागू आहे; उघडे पाकीट झिपच्या पिशवीत ठेवावे.

प्रश्न : ऑर्डर नसल्याने प्रिंटर महिनाभर बंद होता. आता पिवळा रंगच येत नाही. शिवाय मॅजिक मग इतर मगांसारखाच छापायचा का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हेडच्या छिद्रांत शाई वाळली आहे. प्रिंटरच्या मेनूतून हेड क्लीनिंग एकदा करावे, नोझल चेकचा, म्हणजे सगळी छिद्रे चालतात का हे दाखवणारा, कागद काढून पाहावा, गरज असल्यास आणखी एकदा करावे, आणि मग रात्रभर थांबावे. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग करू नये, त्यात शाई वाया जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारा पॅड लवकर भरतो. रात्रभराच्या विश्रांतीनंतर अनेकदा सकाळी पिवळा परत येतो. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्या दिवसांत विशेष सांभाळावे.

मॅजिक मगावरचा काळा थर उष्णतेने पारदर्शक होतो, तेव्हा चित्र दिसते, आणि गार झाला की तो पुन्हा काळा दिसतो. हा थर नाजूक असल्याने नेहमीपेक्षा थोडे कमी तापमान आणि थोडा कमी वेळ द्यावा, आणि नेमका आकडा वर सांगितल्याप्रमाणे वहीतूनच काढावा. ग्राहकाला देताना मग हातानेच, मऊ कापडाने धुवावा आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, अशी चिठ्ठी खोक्यात टाकावी. प्रिंटरपुरते म्हणाल, तर ऑर्डर असो वा नसो, दर तिसऱ्या दिवशी साध्या कागदावर चारही रंगांची बोटभर रुंद पट्टी छापत जावी. मी ती सकाळी गाळा उघडल्यावर, चहा येईपर्यंतच्या वेळात छापत असे.